मांडव एक वीत खाली

बोईसरला वसंत येतो असं म्हटलं की लोक माझ्याकडे बघून हसतात. इथे कंपन्यांच्या बस येतात, पाळ्या बदलतात, नळाला पाणी येतं आणि जातं. वसंत कुठून येणार? पण येतो. थंडीभर नाक्यावर बसची वाट बघणारी माणसं उन्हाचा पट्टा धरून उभी असतात. माघ सरत आला की एका सकाळी ती सगळी रांग पाच पावलं मागे, वडाच्या सावलीत सरकलेली दिसते. कुणी कुणाला सांगत नाही. माझ्या लेखी तो इथला वसंताचा पहिला दिवस. मग मनोरच्या रस्त्याला सावरी लाल होतात, रिक्षावाले गळ्यातले मफलर सोडून हँडलला बांधतात, आणि मी पलंगाखालची कातरणांची पिशवी ओढून बाहेर काढते.

तीस वर्षं मी या गावात ब्लाऊज शिवते आहे. लग्न करून साताऱ्याकडून इथे आले तेव्हा हे कंपनीत फिटर होते आणि मला मशीन चालवण्यापलीकडे काही येत नव्हतं. तेव्हापासूनची कातरणं त्या पिशवीत आहेत. गिऱ्हाइकांची लग्नं, डोहाळजेवणं, बारशी, सगळ्यांचे चार-चार बोटांचे तुकडे. वर्षभर पिशवी तशीच पडून असते, कारण वर्षभर लोकांच्या कामातून मान वर होत नाही. वसंतात मात्र मी महिनाभर स्वतःसाठी शिवते. डाळिंबाच्या फळांना चढवायच्या नाडीच्या पिशव्या, गरम तवा धरायची फडकी, गुढीला बांधायचा खण, दाराला कापडी चिमण्यांचं तोरण. कुणी विचारलं नाही, मागितलं नाही, मापं दिली नाहीत अशी कामं. त्यांचं सुख वेगळंच असतं.

आणि घरामागची बाग. बाग म्हणते खरी, पण आमच्या भिंतीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत माझी बारा पावलं होतात. एक डाळिंब, दोन कढीलिंब, कुंड्यांत तुळस आणि अबोली, आणि मधोमध वेलमोगरा. मोगऱ्याला मांडव यांनी घातला. फिटरने घातलेला मांडव म्हणजे काय विचारता! बांबू-सुतळीचं नाव नाही. चार लोखंडी पाईप जमिनीत रोवलेले, वर पाईपचीच चौकट, आणि चौकट पाईपांना क्लॅम्पने आवळलेली. उंची घ्यायची होती तेव्हा मला मध्ये उभं करून म्हणाले, "हात वर कर. पूर्ण." माझी बोटं जिथे पोहोचली तिथे त्यांनी खडूची खूण केली आणि त्यावर क्लॅम्प बसवले. माझ्या उजव्या हाताच्या मापाचा मांडव आहे तो. लोक सोन्याचं कौतुक सांगतात, मी मांडवाचं सांगते.

परवा त्या मांडवावर या वर्षीची पहिली कळी दिसली. टाचणीच्या डोक्याएवढी, हिरवी. ती बघितली आणि चार वर्षांपूर्वीचा वसंत असा समोर येऊन बसला की हातातली फडकी बाजूला ठेवून लिहायला घेतलं.

त्या वर्षी पौषात माझा उजवा स्तन काढला. मी हे असंच सांगते. बायका "तिथलं ऑपरेशन", "तसलं दुखणं" असं म्हणत आवाज खाली नेतात तेव्हा मला चीड येते. गाठ होती, काखेपर्यंत गेली होती, काखेतलंही साफ केलं. पुढे रोज एक गोळी घ्यायची, बाकी कडक औषधांची गरज नाही, असं सांगून घरी पाठवलं. घरी आले तेव्हा अंगातून एक नळी बाहेर काढलेली होती आणि नळीला बाटली. जाईन तिथे ती बाटली हातात धरायची. हे यांना बघवेना. आयुष्यात कधी मशीनला हात न लावलेला माणूस मशीनवर बसला. मी पलंगावरून सांगत होते, "पाय सोडा आधी, मग चाक फिरवा. उलटं नाही हो! सुलटं!" त्यांच्या जुन्या खाकी पँटचा पाय कापून, दोन तासांत, तीन सुया मोडून त्यांनी बाटलीला झोळी शिवली. गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला त्यांनी मोजून सहा वेळा टीप मारली होती. बाटली सोडा, त्या झोळीत मी बसले असते तरी ती तुटली नसती.

नळी निघाली, टाके निघाले, आणि मग कळलं की खरं दुखणं पुढेच आहे. हात वर जाईना. छातीच्या उंचीपर्यंत नेला की काखेतून कोपरापर्यंत कुणी तार ओढून धरल्यासारखं व्हायचं. पालघरला व्यायाम शिकवणारी एक डॉक्टरीण होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिने हात धरून हळूहळू वर नेला, जिथे मी ओरडले तिथे थांबली, आणि स्पष्ट सांगितलं, "काकू, हे तीन महिने आपले. आत जे धरलंय ते या दिवसांत सुटलं तर सुटेल. नंतर फार काही बदलत नाही. रोज भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची."

मी बसमध्ये बसून हिशेब केला. तीन महिने म्हणजे माघ, फाल्गुन, चैत्र. उजवा हात उघडला नाही तर कापड कापताना टेबलभर पोहोचणार नाही, मशीनवर बाही वळवता येणार नाही, वरच्या फळीवरचा डबा नाही, दोरीवरचे कपडे नाहीत, पाठीमागे नेऊन स्वतःची वेणी नाही. मला मरणाची भीती त्या दिवसांत वाटली नाही, ती आधीच येऊन गेली होती. मला भीती वाटली ती कुणीतरी माझे केस विंचरण्याची. मी ठरवलं की हात वर न्यायचा. तो कसा न्यायचा हे मात्र ठाऊक नव्हतं.

भिंत मला आवडेना. शिक्षा केल्यासारखं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि पिवळ्या रंगाकडे बघत बोटं चालवायची. चार दिवस केलं, पाचव्या दिवशी भिंतीलाच चार शब्द ऐकवले. सहाव्या दिवशी सकाळी जानकी आली.

जानकी विक्रमगडकडची. डोंगराच्या उताराला त्यांचं थोडं भात आणि नागली, सगळं पावसावरचं, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात मोगरा. भात निघालं की नवरा-दीर बांधकामावर जातात, ही मोगऱ्यापाशी राहते आणि हंगामात टोपलीभर कळ्या घेऊन बोईसरला येते. तिची ब्लाऊजं मी शिवते आणि माझ्या मोगऱ्याची मर्जी ती सांभाळते, असा आमचा जुना करार. त्या दिवशी तिने मागच्या दारी जाऊन बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"बाय, मोगरा कापला नाय तुमी?"

"मला कापलंय ते पुरे नाही का?"

ती हसली नाही. कोयता घेऊन तिने तासाभरात मांडवावरचा सगळा जुना वेल छाटला, उरलेल्या फांद्यांची पानं मुठीने ओरबाडून काढली, मुळाशी माती उकरून ऊन लागू दिलं. "आता पानी बंद. दहा-बारा रोज थेंब नाय द्याचा. मंग पोटभर द्याचा. फाल्गुनात बघा कसा फुटतो." मांडवावर नुसत्या काटक्या उरल्या. शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "बघा, झाड कसं कापल्यावर जोमाने येतं, तसंच तुमचंही होईल हो." मी गोड हसून खिडकी लावून घेतली. झाडाशी माझी तुलना केलेली मला खपत नाही. मोगऱ्याची कापलेली फांदी परत येते. माझं जे कापलं ते परत येणार नव्हतं, आणि ते मला कुणी गोड करून सांगायची गरजही नव्हती.

पण मांडवाखाली उभी राहिले तेव्हा एक गोष्ट सुचली. हा मांडव माझ्या हाताच्या मापाचा आहे. भिंत कशाला चढायची? फाल्गुनात कळ्या येतील. त्या मी खुडीन, उजव्या हाताने, मांडवाच्या वरच्या चौकटीवरच्या. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ पाईपवर बोटं चढवायची. भिंत पिवळी असते आणि तशीच राहते, इथे निदान काहीतरी येणार होतं. यांना मी माझा बेत सांगितला. ते म्हणाले, "जमेल." ते कधीही कुठल्याही कामाला यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

माघ असा गेला. सकाळी पाईप, दुपारी सुई. मशीनला हात पुरत नव्हता म्हणून पिशवीतून कातरणं काढून मी डाव्या हाताने टाके घालत बसे. सगळ्यात आधी काखेत धरायची एक छोटी उशी शिवली, कारण हात अंगाला लागला की आग व्हायची. एका बाळंतिणीने आणून टाकलेल्या जुन्या साडीचा तुकडा होता तो, धुऊन धुऊन मऊ झालेला. टाके इतके वाकडे की मी ते कुणाला दाखवले नाहीत. तीस वर्षांत लोकांच्या शिवणी उसवून पोरींना शिकवणारी मी, आणि माझा टाका पहिलीतल्या पोरीचा. रडले एकदा. मग उशी काखेत धरली, बरं वाटलं, आणि वाकड्या टाक्यांचंही काम होतं हे मान्य केलं. नवीन पालवी आली तेव्हा माझी बोटं पाईपवर खांद्यापर्यंत पोहोचत होती. होळी जवळ आली तेव्हा डोक्याच्या वर वीतभर.

तिथे ती अडकली. त्याच्या वर बोट जाईना. रोज तीच जागा, तीच तार, तोच घाम. वर मांडवावर मोगऱ्याला कोंब फुटून पसरले, कळ्या धरल्या, फुगल्या, आणि मी खाली उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. पहिल्या कळ्या वरच फुलल्या, वरच तांबूस झाल्या आणि गळून माझ्या पायापाशी पडल्या. मी त्या उचलल्या नाहीत. यांनी दोनदा विचारलं, "मी काढून देऊ?" दोन्ही वेळा मी असं बघितलं की त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मग होळीनंतर दोन-तीन दिवसांनी एका सकाळी मी मांडवाखाली गेले, पाईपला बोटं लावली, दात आवळून चढवत नेली, आणि बोटांना काहीतरी थंड, ओलं लागलं. कळी. मी वर बघितलं. माझी तर्जनी आणि अंगठा एका टच्च कळीच्या देठावर होते. खुडली. दुसरी खुडली. तिसरी. मी ओरडले, "अहो! अहो, या इकडे! गेला! वर गेला!" पदराच्या ओच्यात कळ्या टाकत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. हे दारात आले. मला वाटलं, हसतील. त्यांचा चेहरा बघून मला कळेना की या माणसाला झालंय काय. मी त्यांच्या नजरेच्या रोखाने बघितलं.

पाईपला त्यांनी दरवर्षी रंग दिलेला असतो, पण क्लॅम्प जिथे बसतो तिथे रंग पोहोचत नाही. तिथे पाईपला एक चकचकीत कडं उमटलं होतं. आणि क्लॅम्प त्या कड्यावर नव्हता. तो खाली होता. मी हात लावून मोजलं. बरोबर एक वीत.

आदल्या दुपारी मी झोपले असताना त्यांनी चारही क्लॅम्प सैल करून मांडव खाली आणला होता.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. इतकी वर्षं ज्या शब्दांची गरज पडली नव्हती ते सगळे त्या सकाळी निघाले. "मला फसवलंत," म्हणाले. "डॉक्टरीण खरं बोलते, माझा हात खरं बोलतो, आणि तुम्ही घरचे होऊन खोटं बोललात." ओच्यातल्या कळ्या मी मातीत उपडल्या केल्या. ते उभेच होते, हातात चहाचा कप धरून. म्हणाले, "शालन, तुझं तोंड बघवंना मला. रोज सकाळी येतीस, खाली बघून परत जातीस. मला मांडव हलवता येतो. तुझा हात नाही हलवता येत."

हे ऐकून राग जायला हवा होता. गेला नाही. आज इतक्या वर्षांनी मला त्यांचं म्हणणं समजतं, तेव्हाही समजलं होतं, पण समजल्याने राग कमी होतो असं कुणी सांगितलं? जगात अंगावर धावून येणाऱ्याशी भांडता येतं. प्रेमाने आपल्यासाठी सगळं खाली आणून ठेवणाऱ्याशी भांडायला जीव जास्त लागतो, कारण तिथे आपणच वाईट दिसतो. मी वाईट दिसायचं ठरवलं. "पाना कुठाय?" म्हणाले. त्यांनी खिशातून पाना काढून दिला. तो मी माझ्या सुयांच्या डब्यात ठेवला. "दर शनिवारी मी पाना देईन. मांडव एक बोट वर घ्यायचा. एकच बोट. पुढच्या शनिवारपर्यंत मी तिथे पोहोचीन. पोहोचले नाही तरी पुढचं बोट वर घ्यायचंच."

"आणि कळ्या?"

"राहतील वर. गळतील. त्याची काळजी तुम्ही करू नका."

असा आमचा उरलेला फाल्गुन. घरात दोन माणसं, आणि बोलणं आठवड्यातून एकदा, तेही पान्यापुरतं. शनिवारी सकाळी ते हात पुढे करायचे, मी डब्यातून पाना काढून हातावर ठेवायची. ते चारही पाईपांवर आधी पेन्सिलने रेघ मारायचे, मग क्लॅम्प सैल करून चौकट वर सरकवायचे, एका कोपऱ्याला जास्त नाही, एका कोपऱ्याला कमी नाही. कंपनीत हयातभर मोठमोठी यंत्रं सरळ बसवली त्या माणसाने. मोगऱ्याच्या मांडवाला त्यांनी सपाटी बघायची लेव्हलची बाटली लावून बघितली. मला हसू यायचं. पण मी रागावलेली होते, म्हणून आत जाऊन हसायची.

तो अबोला मोडला कसा, ते सांगायला हवं, कारण त्यात माझी फजिती आहे.

ब्लाऊज घातला की उजवी बाजू रिकामी पडायची. ज्या बाईने गावभरच्या बायकांना कटोरी नीट बसवून दिली, तिच्या स्वतःच्या ब्लाऊजला एका बाजूने चुण्या. शिवणाऱ्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते, ती कुणी बोलत नाही: कुठल्याच बाईच्या दोन बाजू सारख्या नसतात. टेप लावला की कळतं. आम्ही गुपचूप अर्धा इंच इकडे, पाव इंच तिकडे करून ते जुळवून देतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय फिटिंग आहे. तर म्हटलं, माझा फरक जरा मोठा आहे एवढंच. जुळवून घेऊ. बाहेर विकत मिळतं ते ठाऊक होतं, पण मला माझ्या मापाचं हवं होतं. जुन्या मलमलीच्या तुकड्याची गोल उशी शिवली. आत कापूस भरला तर ती इतकी हलकी झाली की चालताना वर गळ्याशी यायची. वजन हवं होतं. आणि मला आठवली मोहरीची उशी. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे मोहरी भरून उशी करतात, ती. माझ्या लेकीला मी केली होती. जड, मऊ, अंगाला जुळणारी. स्वयंपाकघरातली दोन वाट्या मोहरी घेतली, भरली, तोंड दुहेरी टाक्यांनी पक्कं शिवलं. झोकात बसली! त्या दिवशी मी महिनाभराने नाक्यापर्यंत ताठ चालत गेले आणि मेथीची जुडी घेऊन आले.

आता मोहरीच्या उशीला वरून अभ्रा घालायचा असतो, हे कुठल्याही आईला कळतं. अभ्रा काढून धुवायचा, उशीला नुसतं ऊन दाखवायचं. मी शिवली ती एकच, सबंध, बिनअभ्र्याची. फाल्गुनातला उकाडा, घाम. दोन दिवसांनी मी ती साबण लावून खसाखसा धुतली आणि मोगऱ्याच्या आळ्यात विटेवर ठेवली वाळत. ठेवली आणि विसरले. हे रोज संध्याकाळी आळ्यात पाइपने पाणी सोडतात.

तिसऱ्या दिवशी जानकी कळ्यांची टोपली घेऊन आली. मागच्या दारी पाणी प्यायला गेली आणि तिथून हाक आली, "बाय! हे काय पेरलाय तुमी?"

मी गेले. विटेवर माझा उजवा स्तन हिरवा झाला होता. मलमलीच्या विणीतून शेकडो पांढरे देठ वर आले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला दोन इवली पानं. जानकीने तो उचलून ओंजळीत धरला, मग माझ्या ब्लाऊजकडे बघितलं, मग परत ओंजळीकडे, आणि तिला उमगलं. ती मटकन खाली बसली. "अगं बाय माजे, तुमचा तर मला झाला!" मळ्याला ती 'मला' म्हणते, आमच्याकडे हे सांगावं लागतं. आणि ती हसायला लागली. मी तिच्यावर डोळे वटारले आणि पुढच्या क्षणाला मला जे हसू फुटलं, ते ऑपरेशननंतरचं पहिलं मोकळं. टाक्यांची जागा दुखेपर्यंत हसले. आवाजाने हे धावत बाहेर आले. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहणी केली आणि गंभीरपणे म्हणाले, "पाणी जास्त झालं."

मग आम्ही तिघंही हसलो. तो स्तन मी एका कुंडीत लावला. चैत्रात त्याला पिवळी फुलं आली.

दुसऱ्या दिवशी यांनी माझ्यासमोर टेबलावर एक डबी ठेवली. आत बेअरिंगच्या स्टीलच्या गोळ्या, वाटाण्याएवढ्या, धुऊन पुसून चकचकीत. "या उगवणार नाहीत," म्हणाले. सावरीच्या कापसाची एक जुनी उशी होती, ती उसवून मी कापूस काढला, मध्ये गोळ्यांची छोटी पुरचुंडी शिवली, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते एकेक गोळी टाकत होते, मी हातावर तोलून "अजून एक" म्हणत होते. या वेळी अभ्रा केला. नाडीचा. आज मी ज्या उशा शिवते त्या याच मापाने. ऑपरेशन होऊन आलेली कुणीतरी कुणाकडून तरी ऐकून येते, दारात उभी राहते, ओढणी पुढे घेतलेली असते. मी तिला आत बोलावते, टेप काढते आणि पहिली गोष्ट सांगते की कुठल्याच बाईच्या दोन बाजू सारख्या नसतात. हे गोळ्यांची डबी आणून ठेवतात आणि बाहेर जाऊन बसतात. वसंतातली माझी कातरणं आता बहुतेक त्यातच संपतात. तोरणाच्या चिमण्या दोन वर्षं झाल्या नाहीत.

पण सांगत होते त्या वसंताचं. शनिवार येत राहिले. मांडव बोट-बोट वर जात राहिला. पहिलं बोट रडत गेलं, दुसरं भांडत. पाडव्याच्या आधीच्या दिवशी काखेतली ती तार एकदम सैल झाली, अंगातून काहीतरी सुटल्याचा आवाज आला असं मला अजून वाटतं, आणि मी एका दमात बोटभर वर गेले. त्या वर्षी गुढीला साखरेची माळ मी घातली. तिसरं बोट, चौथं बोट, असं करत आठवं. दुपारी गच्चीवर कैऱ्यांच्या फोडी वाळायला लागल्या, समोरच्या पोरांच्या परीक्षा सुरू झाल्या, मोगरा टोपलीने निघू लागला. मी मशीनवर बसले. पहिला ब्लाऊज जानकीचा शिवला, हिरव्या खणाचा, आणि त्याची टीप सरळ आली.

वैशाख अर्धा होता होता पालघरला शेवटची तपासणी होती. डॉक्टरणीने हात वर न्यायला लावला, पाठीमागे न्यायला लावला, मग स्वतःच्या हाताने अजून थोडा वर ढकलून बघितला. तो गेला नाही. तिने दोन-तीनदा बघितलं. "काकू, छान उघडलाय. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त. तुमचं रोजचं सगळं होईल." मी विचारलं, "आणि उरलेला?" तिने माझ्याकडे बघितलं. चांगली मुलगी ती, खोटं बोलली नाही. "तो आता असाच राहील."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. वीत म्हणजे बारा बोटं. आठ मी मिळवली होती. घरी आलो. मी साडीही बदलली नाही, सरळ मागच्या दारी गेले. मांडव आठव्या रेघेवर होता. मी हात वर केला आणि माझी बोटं चौकटीला बरोबर लागली. वर पाईपला ते चकचकीत कडं दिसत होतं. चार बोटं. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. ते मी काही झालं नाही असं म्हणून सोडून दिलं नाही, तिथेच उभी राहून ते सगळं वाटू दिलं.

हे मागे येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "इथे छान आहे की. हात पुरतोय. इथेच आवळून टाकतो पक्का."

मी आत गेले, सुयांच्या डब्यातून पाना काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"वर घ्या. होता तिथे."

"चारही बोटं?"

"चारही."

त्यांनी पेन्सिल काढली नाही. कडं तिथे होतंच. एकेक क्लॅम्प सैल केला, चौकट वर सरकवली, कड्यावर बसवली, आवळली. मोगरा वरून हलला आणि कळ्यांचा वास खाली आला. मांडव जिथे होता तिथे गेला. मी हात वर केला. बोटांच्या आणि चौकटीच्या मध्ये संध्याकाळचं ऊन दिसत होतं.

"आता कसं करशील?" ते म्हणाले.

"स्टूल आणा."

त्यांनी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणलं, डुगडुगतंय का बघितलं, एका पायाखाली खापराचा तुकडा सरकवला आणि बाजूला झाले. मला धरायला पुढे आले नाहीत. मी पदर खोचला, स्टूलवर चढले आणि सगळ्यांत वरची कळी आधी खुडली.